सी प्रोग्रॅमने कमांड लाइन कशी वाचावी: दादर ते ठाणे लोकलच्या उदाहरणाने

सी शिकताना आपण लिहिलेला पहिला प्रोग्रॅम बहुधा पडद्यावर प्रश्न विचारतो, स्कॅनएफने उत्तर घेतो आणि बेरीज दाखवून संपतो. रोजच्या कामाचे प्रोग्रॅम मात्र असे प्रश्न विचारत बसत नाहीत. त्यांना जे सांगायचे ते सुरू करतानाच एका ओळीत सांगितले जाते, कारण तीच ओळ उद्या एखाद्या स्क्रिप्टमधून रात्री दोन वाजता चालवली जाणार असते आणि त्या वेळी उत्तर द्यायला समोर कोणी नसते. ही ओळ बिनचूक वाचण्याची पद्धत या लेखात पायरीपायरीने मांडली आहे. तिच्या मुळाशी एकच आग्रह आहे: प्रोग्रॅमने अंदाज बांधू नये. जे समजले नाही ते त्याने नाकारावे आणि का नाकारले ते सांगावे.

उदाहरणासाठी ‘लोकल’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम घेऊ. वेळापत्रकाची फाइल वाचून दोन स्थानकांमधल्या पुढच्या काही गाड्या दाखवणे एवढेच त्याचे काम आहे. लेख देवनागरीत असल्यामुळे इंग्रजी अक्षरांचे उच्चार येथे देवनागरीत दिले आहेत. ‘-एन’ असे जेथे लिहिले आहे तेथे एक डॅश आणि लॅटिन लिपीतील लहान एन टंकावा; फंक्शनांची नावेही लॅटिन लिपीत लहान अक्षरांत लिहावीत, आणि कमांडमधील अंक इंग्रजी अंक समजावेत. गेटऑप्ट हे गेट आणि ऑप्ट जोडून होते. गेटऑप्ट लाँग या नावात मध्ये अंडरस्कोर येतो.

पहिली पायरी: वापराची ओळ आधी लिहा

संपादक उघडून लगेच मेन लिहायला घेऊ नये. आधी कागदावर ही ओळ लिहावी:

लोकल [-एच] [-एफ] [-एन संख्या] [-टी वेळ] कोठून कोठे

चौकटी कंसातील गोष्ट दिली तरी चालते आणि न दिली तरी चालते, असा या लेखनाचा रूढ अर्थ आहे. एच म्हणजे मदत, एफ म्हणजे फक्त जलद गाड्या, एन म्हणजे किती गाड्या दाखवायच्या, टी म्हणजे कोणत्या वेळेनंतरच्या. डॅशने सुरू होणाऱ्या या चौघांना ऑप्शन म्हणतात. एन आणि टी यांना पुढे किंमत लागते, एफ आणि एच यांना लागत नाही. उरलेली दोन स्थानके म्हणजे ऑपरंड. ती न देता प्रोग्रॅमला काही अर्थच उरत नाही. जे अनिवार्य आहे त्याला ऑप्शन करू नये, ते ऑपरंडच ठेवावे, असे माझे मत आहे. ‘ऑप्शन’ या शब्दातच ऐच्छिकपणा आहे आणि वापरणारा तोच अर्थ धरून चालतो.

दुसरी पायरी: मेनच्या हाती काय येते

मेन या फंक्शनला दोन पॅरामीटर मिळतात. पहिला आर्गसी हा पूर्णांक असतो, म्हणजे शब्दांची संख्या; दुसरा आर्गव्ही हा स्ट्रिंगांकडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटरांचा अॅरे असतो. ‘लोकल -एन ५ दादर ठाणे’ अशी कमांड दिली तर आर्गसी ५ असतो. शून्याव्या जागी प्रोग्रॅमचे नाव, पहिल्या जागी ‘-एन’, दुसऱ्या जागी ‘५’, तिसऱ्या आणि चौथ्या जागी स्थानके. पाचव्या जागी नल पॉइंटर असतो आणि याची हमी सी भाषेचे प्रमाणच देते. ‘५’ ही येथे संख्या नाही, ती एका अक्षराची स्ट्रिंग आहे, हे विसरल्यामुळे होणाऱ्या चुका मी प्रयोगशाळेत दर सत्रात पाहतो.

आर्गसी नेहमी किमान १ असतो असे गृहीत धरणेही धोक्याचे आहे. सी प्रमाणात तो शून्य असण्याची मुभा आहे. लिनक्सवरील पीकेएक्झेक या प्रोग्रॅममधील जी सुरक्षात्रुटी जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाली, तिचे मूळ नेमके येथे होते. तो प्रोग्रॅम आर्गसी न तपासता मोजणी १ पासून सुरू करत असे. रिकामा अॅरे देऊन त्याला चालवले की तो अॅरेची हद्द ओलांडून शेजारच्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलांमध्ये वाचू आणि लिहू लागे, आणि साध्या वापरकर्त्याला रूट, म्हणजे संगणकावरील सर्वोच्च, अधिकार मिळवता येत. ही चूक २००९ पासून त्या प्रोग्रॅममध्ये होती. पुढे लिनक्स कर्नलच्या ५.१८ या आवृत्तीपासून रिकाम्या अॅरेऐवजी एक रिकामी स्ट्रिंग तरी दिली जाऊ लागली. तरीही आर्गसी १ पेक्षा कमी असेल तर तेथेच थांबण्याची अट लिहायला एकच ओळ लागते, ती लिहावी.

तिसरी पायरी: शेलने आधीच काय करून ठेवले आहे ते पाहा

आर्गव्हीत जे येते ते आपण टंकलेले जसेच्या तसे नसते. शेल, म्हणजे आपण टंकलेली कमांड वाचून प्रोग्रॅम सुरू करणारा प्रोग्रॅम, आधी ओळीचे मोकळ्या जागांवर तुकडे करतो, अवतरणचिन्हे काढतो, तारकेसारख्या चिन्हांच्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावे भरतो आणि मग प्रोग्रॅम सुरू करतो. आपल्या उदाहरणात याचा फटका लगेच बसतो, कारण मुंबईत लोअर परळ, ग्रँट रोड, मरीन लाइन्स, कॉटन ग्रीन अशी दोन शब्दी स्थानके पुष्कळ आहेत. ‘लोकल लोअर परळ चर्चगेट’ अशी कमांड दिली तर प्रोग्रॅमला तीन ऑपरंड दिसतात. ‘लोअर’ हे कोठून, ‘परळ’ हे कोठे, आणि ‘चर्चगेट’ वाऱ्यावर. परळ हे मध्य रेल्वेवरचे खरेखुरे स्थानक असल्यामुळे तिसऱ्या शब्दाकडे दुर्लक्ष करणारा प्रोग्रॅम येथे भलत्याच ठिकाणचे वेळापत्रक शोधू लागेल. स्थानकाचे नाव अवतरणचिन्हांत देणे हे वापरणाऱ्याचे काम आहे, पण ते झाले नाही तर ‘दोन स्थानके हवी होती, तीन मिळाली’ असे सांगणे हे आपले काम आहे.

येथे एक प्रयोग करून पाहावा. फक्त एक लूप असलेला प्रोग्रॅम लिहावा, जो प्रत्येक आर्ग्युमेंट चौकटी कंसात आणि त्याची एसटीआरलेनने मोजलेली लांबी शेजारी छापतो. ‘दादर’ देवनागरीत दिले तर लांबी ४ नव्हे, १२ दिसते, कारण यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना हेही वेगळे चिन्ह धरले जाते. आर्गव्हीत बाइट असतात, अक्षरे नव्हेत. ‘ग्रँट’ हा शब्द चंद्रबिंदूने टंकला किंवा चंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे टंकले तरी बहुतेक फॉन्टांत सारखाच दिसतो. बाइट मात्र वेगळे असतात आणि दोन स्ट्रिंग ताडून पाहणारे एसटीआरसीएमपी हे फंक्शन त्यांना दोन भिन्न शब्द मानते. म्हणून अशा प्रोग्रॅममध्ये प्रत्येक स्थानकाच्या सर्व मान्य लेखनांचे कोष्टक ठेवणे बरे. विंडोजवर तर सर्वसाधारण मांडणीत साध्या मेनला देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हे मिळतात. तेथे डब्ल्यूमेन वापरावे लागते.

चौथी पायरी: हाताने वाचण्याचा मोह

एका लूपमध्ये प्रत्येक स्ट्रिंग एसटीआरसीएमपीने ‘-एफ’, ‘-एन’ यांच्याशी ताडून पाहणे सोपे वाटते, आणि शिकण्यासाठी एकदा तसे लिहावेही. पण ‘-एन५’ असे किंमत चिकटवून लिहिलेले, एफ आणि एन एकाच डॅशमागे जोडलेले, ‘-एन’ हा शेवटचा शब्द असून पुढे किंमतच नाही, ही सारी रूपे सांभाळता सांभाळता तो लूप दोनशे ओळींचा होतो. युनिक्सवर काम करणाऱ्यांना हे रूढ संकेत वर्षानुवर्षे परिचित आहेत आणि आपला प्रोग्रॅमही ते पाळेल अशी त्यांची रास्त अपेक्षा असते. तेच काम करणारे गेटऑप्ट हे फंक्शन एटी अँड टीने १९८५ मध्ये सर्वांसाठी खुले केले आणि आज ते पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणाचा भाग आहे. मायक्रोसॉफ्टच्या कम्पायलरबरोबर ते येत नाही, विंडोजवरच्याच मिनजीडब्ल्यू या कम्पायलरबरोबर मात्र येते.

पाचवी पायरी: गेटऑप्ट

युनिएसटीडी ही हेडर फाइल घ्यावी. गेटऑप्टला तीन गोष्टी द्याव्या लागतात: आर्गसी, आर्गव्ही आणि ऑप्शनांचे वर्णन करणारी एक स्ट्रिंग. आपली स्ट्रिंग अशी: कोलन, एफ, एच, एन, कोलन, टी, कोलन, मध्ये कोठेही मोकळी जागा नाही. अक्षरानंतरचा कोलन म्हणजे या ऑप्शनला किंमत लागते. अगदी सुरुवातीच्या कोलनाचा अर्थ वेगळा आहे: चूक झाल्याचा संदेश गेटऑप्टने स्वतः छापू नये, आणि किंमत राहून गेली तर प्रश्नचिन्हाऐवजी कोलन परत करावा. हा पहिला कोलन मी नेहमी देतो, कारण त्यामुळे ‘असा ऑप्शनच नाही’ आणि ‘ऑप्शन आहे, किंमत नाही’ या दोन चुका वेगळ्या ओळखता येतात आणि संदेश आपल्या शब्दांत, मराठीतसुद्धा, देता येतो.

व्हाइल लूपमध्ये गेटऑप्ट पुन्हा पुन्हा बोलवावे. प्रत्येक वेळी ते सापडलेल्या ऑप्शनाचे अक्षर परत करते. त्याची किंमत ऑप्टआर्ग या ग्लोबल पॉइंटरमध्ये मिळते. ऑप्शन संपले की उणे १ परत येते. हे परत आलेले मूल्य इंट प्रकारच्या व्हेरिएबलमध्येच ठेवावे, कॅरमध्ये नव्हे. एआरएम प्रोसेसरवरील लिनक्समध्ये, उदाहरणार्थ रास्पबेरी पायवर, कॅर हा प्रकार चिन्हविरहित असतो. तेथे उणे १ चे २५५ होतात, तुलना कधीच जुळत नाही आणि लूप थांबत नाही. हाच प्रोग्रॅम आपल्या लॅपटॉपवर सुरळीत चालत असल्यामुळे चूक शोधण्यात अख्खा दिवस जाऊ शकतो.

लूपच्या आत स्विच लिहावा. एफसाठी जलद हा ध्वज १ करावा. एनसाठी आणि टीसाठी ऑप्टआर्ग तपासणाऱ्या स्वतंत्र फंक्शनाला द्यावे. कोलन आल्यास ऑप्टऑप्ट या व्हेरिएबलमध्ये कोणत्या ऑप्शनाची किंमत राहिली ते अक्षर असते, आणि प्रश्नचिन्ह आल्यास न ओळखलेले अक्षर असते. दोन्ही ठिकाणी ते अक्षर संदेशात अवश्य दाखवावे.

हे सारे एका स्ट्रक्चरमध्ये साठवावे आणि त्याच्या प्रत्येक घटकाला लूपच्या आधीच पूर्वनिर्धारित मूल्य द्यावे: जलद ०, संख्या ५, वेळ उणे १ म्हणजे ‘आत्ताची’. ऑप्टआर्गची स्ट्रिंग कॉपी करून ठेवण्याची गरज नाही, कारण ती आर्गव्हीतलीच असते आणि प्रोग्रॅम संपेपर्यंत जिवंत राहते. एकच ऑप्शन दोनदा आला तर शेवटचा धरला जाईल, आणि हे सोयीचेच आहे: एखाद्याने शेलच्या एलियासमध्ये, म्हणजे कमांडला दिलेल्या टोपणनावात, ‘-एन ५’ लिहून ठेवले असेल तर त्याला प्रसंगी मागे ‘-एन ८’ जोडता येते.

लूप चालू असताना प्रत्यक्ष काम मात्र सुरू करू नये. समजा आपण उद्या निकाल फाइलमध्ये लिहिण्याचा ऑप्शन जोडला आणि तो वाचताक्षणी फाइल लिहिण्यासाठी उघडली, तर तिच्यातला जुना मजकूर त्या क्षणी पुसला जातो. पुढचा ऑप्शन चुकीचा निघून प्रोग्रॅम थांबला तरी तो मजकूर परत येत नाही. आधी सारे वाचावे, मग सारे तपासावे, मग कामाला लागावे.

सहावी पायरी: संख्या

या पायरीवर मी सर्वांत जास्त रेंगाळणार आहे, आणि त्याला कारण आहे. मी पूर्वी जेथे काम करत असे तेथे जुन्या नोंदी पुसणारा एक छोटा प्रोग्रॅम होता. किती दिवसांपूर्वीच्या नोंदी पुसायच्या ते त्याला कमांड लाइनवर सांगत. एका संध्याकाळी कोणीतरी घाईत ३० लिहिताना शून्याच्या जागी ओ हे अक्षर टंकले. प्रोग्रॅममध्ये एटूआय (लॅटिन लिपीत ए, टी, ओ, आय) हे स्ट्रिंगची संख्या करणारे फंक्शन वापरलेले होते. एटूआयने ३ वाचला, ओपाशी थांबले आणि काहीही तक्रार न करता ३ परत केले. सत्तावीस दिवसांच्या ज्या नोंदी राहायला हव्या होत्या त्या गेल्या, आणि बॅकअपमधून त्या परत आणण्यात आमचे दोन दिवस गेले. टंकण्यातली चूक माणसाकडून होणारच. ती संख्या म्हणून स्वीकारणे ही प्रोग्रॅमची चूक होती.

एटूआयला चूक कळवण्याचा मार्गच नाही. ‘ठाणे’ दिले तरी ते ० देते आणि ‘०’ दिले तरी ० देते. संख्या इंटमध्ये न मावणारी असेल तर काय होईल हे सी प्रमाणाने ठरवूनच दिलेले नाही. म्हणून तेच काम करणारे पण चूक कळवणारे एसटीआरटीओएल वापरावे. आधी एररनो, म्हणजे चुकीचा क्रमांक जेथे मिळतो ते व्हेरिएबल, शून्य करावा. मग ऑप्टआर्ग, वाचन कोठे थांबले ते सांगणाऱ्या पॉइंटरचा पत्ता आणि पाया १० देऊन फंक्शन बोलवावे. पाया ० देऊ नये, कारण मग ‘०१०’ ही अष्टमान संख्या समजून ८ मिळतात. त्यानंतर चार प्रश्न विचारावेत. थांबण्याची जागा सुरुवातीशीच आहे काय? असल्यास एकही अंक मिळालेला नाही. त्या जागी स्ट्रिंग संपली आहे काय? नसल्यास ‘३ओ’ सारखा कचरा मागे राहिला आहे. एररनो ईरेंज झाला आहे काय? झाला असल्यास संख्या लाँगमध्ये मावत नाही. आणि शेवटी, संख्या आपल्या कामाच्या मर्यादेत, समजा १ ते ५० मध्ये, आहे काय? चारही उत्तरे ठीक असतील तरच ती स्वीकारावी.

पहिल्या प्रश्नाचे मराठी वापरकर्त्यांच्या बाबतीत विशेष महत्त्व आहे. कीबोर्ड मराठीवर असताना ‘-एन ५’ मधला पाच देवनागरी अंकात टंकला जातो, आणि एसटीआरटीओएलला देवनागरी अंक कळत नाहीत. एटूआय अशा वेळी मुकाट्याने ० देते. आपल्या प्रोग्रॅमने मात्र ‘संख्या इंग्रजी अंकांत द्या’ असे स्पष्ट सांगावे, किंवा देवनागरी अंक आधी बदलून घ्यावेत. मी दुसरा मार्ग पसंत करतो: शून्य ते नऊ हे दहाही अंक यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असून त्यांचे पहिले दोन बाइट समान आहेत, त्यामुळे बदलणारे फंक्शन जेमतेम वीस ओळींत होते.

याच तपासणीने आणखी एक सापळा टळतो. कोणी ‘लोकल -एन -एफ दादर ठाणे’ लिहिले, म्हणजे एनची किंमत द्यायची राहिली, तर गेटऑप्ट चूक झाल्याचा इशारा देत नाही. ते ‘-एफ’ हीच एनची किंमत धरते. संख्या नीट तपासली असेल तर ‘एनसाठी -एफ ही संख्या नाही’ असा संदेश येतो आणि माणसाच्या लक्षात येते.

वेळेसाठी एसस्कॅनएफचा मोह टाळावा, कारण ते ‘७:४५कखग’ सुद्धा आनंदाने घेते. लांबी नेमकी ५, तिसरे अक्षर कोलन, बाकी चारही अंक, तास ० ते २३, मिनिटे ० ते ५९, इतके हाताने तपासणे पुरे आहे. आयझडिजिटला अक्षर देताना ते आधी चिन्हविरहित कॅरमध्ये बदलावे. देवनागरीचे बाइट चिन्हासह कॅरमध्ये ऋण होतात आणि ऋण मूल्य त्या फंक्शनाला देणे नियमबाह्य आहे.

सातवी पायरी: ऑपरंड

लूप संपल्यावर ऑप्टइंड हे व्हेरिएबल पहिल्या ऑपरंडचा क्रमांक सांगते. ‘लोकल -एन ५ दादर ठाणे’ मध्ये ते ३ असते, आणि आर्गसीमधून ते वजा केले की २ उरतात. नेमके २ नसतील तर थांबावे; २ पेक्षा कमी एवढेच तपासले तर वरचा लोअर परळचा घोटाळा निसटतो.

‘लोकल दादर ठाणे -एन ५’ असे ऑप्शन मागे लिहिले तर लिनक्सवरील ग्नू लायब्ररी आर्गव्हीची क्रमवारी बदलून ऑपरंड शेवटी नेते आणि सारे जुळून येते. मॅकवर गेटऑप्ट पहिल्या ऑपरंडपाशीच थांबते, त्यामुळे तेथे चार ऑपरंड दिसतात. दोन्हीकडे एकसारखे चालावे म्हणून वापराच्या ओळीत ऑप्शन आधी दाखवावेत. नुसते ‘--’ दिले की ऑप्शन संपतात, हा संकेत गेटऑप्ट स्वतःच पाळते. डॅशने सुरू होणारे फाइलनाव देण्यासाठी तो उपयोगी पडतो.

आठवी पायरी: लांब नावे

‘-एन’ पेक्षा ‘--काउंट’ वाचायला सोपे असते, विशेषतः स्क्रिप्टमध्ये. त्यासाठी गेटऑप्ट नावाचीच हेडर फाइल घेऊन गेटऑप्ट लाँग वापरावे. त्याला ऑप्शन या स्ट्रक्चरांचा अॅरे द्यायचा असतो. प्रत्येक स्ट्रक्चरमध्ये नाव, किंमत लागते की नाही, एक पॉइंटर आणि परत करायचे मूल्य असे चार घटक असतात. पॉइंटर नल ठेवावा आणि मूल्याच्या जागी लहान ऑप्शनाचेच अक्षर द्यावे, म्हणजे ‘--काउंट’ आणि ‘-एन’ स्विचमध्ये एकाच केसला येतात. ज्याला लहान रूप नाही त्याला २५५ च्या पुढचे मूल्य द्यावे. अॅरेचा शेवटचा घटक सगळा शून्यांचा असलाच पाहिजे. तो विसरला तर फंक्शन अॅरेबाहेर वाचत जाते.

हे फंक्शन एकमेव अर्थ निघत असेल तर अर्धवट नावही स्वीकारते: ‘--काउ’ लिहिले तरी चालते. ही सोय मला आवडत नाही. आज चाललेले अर्धे नाव, उद्या त्याच अक्षरांनी सुरू होणारा दुसरा ऑप्शन जोडला की संदिग्ध ठरते आणि इतरांच्या स्क्रिप्ट अडतात. निदान आपल्या स्क्रिप्टमध्ये पूर्ण नावेच लिहावीत. लहान ऑप्शन देवनागरीत ठेवता येत नाही, कारण गेटऑप्ट एक बाइट म्हणजे एक ऑप्शन मानते. ‘--संख्या’ असे लांब नाव मात्र यूटीएफ-८ मध्ये व्यवस्थित चालते, आणि मी ते चालवून पाहावे असे सुचवीन.

नववी पायरी: संदेश आणि निर्गम मूल्य

कोणी ‘-एच’ देऊन मदत मागितली तर ती स्टँडर्ड आउटपुटवर छापून ० परत करावे, कारण मागितलेले काम झाले आहे. चूक झाली तर संदेश स्टँडर्ड एररवर द्यावा. नाहीतर निकाल फाइलमध्ये वळवणाऱ्याला चूक झाल्याचा संदेश गाडीच्या वेळांमध्ये मिसळलेला सापडेल. निर्गम मूल्यासाठी, म्हणजे प्रोग्रॅम संपताना शेलला परत करतो त्या संख्येसाठी, मजकूर शोधणाऱ्या ग्रेप या कमांडचा कित्ता गिरवावा: गाडी सापडली तर ०, सापडली नाही तर १, कमांडच चुकीची असेल तर २. चूक झाल्यावर मदतीची पूर्ण पाने ओतू नयेत. काय चुकले ती एक ओळ आणि ‘अधिक माहितीसाठी -एच’ ही दुसरी ओळ एवढे पुरते. पासवर्ड कधीही ऑप्शन म्हणून घेऊ नये. चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारी पीएस ही कमांड चालवणाऱ्या त्या संगणकावरील इतरांनाही तो सहसा दिसतो.

दहावी पायरी: मुद्दाम चुकीचे चालवून पाहा

काहीही न देता, एकच स्थानक देऊन, तीन देऊन, ‘-एन’ शेवटी ठेवून, ‘-एन ३ओ’, ‘-एन ०’, ‘-एन’ पुढे वीस अंकी संख्या, ‘-टी २५:००’, रिकाम्या अवतरणचिन्हांचे स्थानक, आणि नसलेला ऑप्शन, अशा प्रत्येक रूपात प्रोग्रॅम चालवावा आणि दर वेळी निर्गम मूल्य २ आहे ना, हे शेलमध्ये पाहावे. हे सारे एका लहान शेल स्क्रिप्टमध्ये ठेवले तर पुढच्या प्रत्येक बदलानंतर ते अर्ध्या मिनिटात पुन्हा तपासता येते. कम्पाइल करताना सर्व इशारे सुरू ठेवावेत आणि मेमरीत हद्दीबाहेर झालेले वाचन-लेखन पकडणारा अॅड्रेस सॅनिटायझरही लावावा.

शेवटची एक चाचणी बहुतेक जण करत नाहीत. आपली कमांड एखाद्या वर्ड दस्तऐवजात टंकून तेथून टर्मिनलमध्ये चिकटवावी. असे लेखन-प्रोग्रॅम जोडलेल्या दोन डॅशांचा आपोआप एक लांब डॅश करतात. डोळ्यांना तो डॅशच दिसतो, पण गेटऑप्टच्या दृष्टीने ते एका ऑपरंडचे पहिले अक्षर असते. मग ‘दोन स्थानके हवी होती, चार मिळाली’ असा खरा पण कोड्यात टाकणारा संदेश येतो. म्हणून ऑपरंडांची संख्या चुकली की प्रत्येकाचे पहिले तीन बाइट लांब किंवा मध्यम डॅशच्या बाइटांशी ताडावेत, आणि जुळल्यास ‘येथील डॅश कीबोर्डवरील साधा डॅश नाही, तो पुन्हा टंका’ असे त्या शब्दासह छापावे.